जोडीदार आल्याशिवाय बसायचं नाही

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण इंग्रजीतला केस मात्र त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतला होता. म्हणजे असं, की वर्षाच्या सुरुवातीला ते वर्गातल्या प्रत्येक पोराला एक इंग्रजी शब्द वाटून द्यायचे आणि एक स्वतःला ठेवायचे. त्यांचा दरवर्षी ठरलेला. हेअर. आणि हा सशाचा हेअर नव्हे, केसांचा. पहिल्या दिवशी पोरं पोट धरून हसायची. सर चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचे, "नाव असलं म्हणजे वस्तू असतेच असं नाही. पुढे चला."

मी त्याच शाळेत गणित शिकवायचे. डोळखांबच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे आमची पाचवी ते दहावीची शाळा. नव्वदीतली गोष्ट आहे. माझं नुकतंच लग्न झालेलं, नवरा कल्याणला नोकरीला, आणि मी इकडे गावात एका शेतकऱ्याच्या पडवीत खोली घेऊन राहायचे. शिक्षकांच्या खोलीत माझं टेबल सरांच्या टेबलाला लागून, त्यामुळे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान आधी माझ्या कानावर आदळायचं आणि मग वर्गात जायचं. गणिताचे पेपर तपासताना कानाशी कोणी "बाई, शेपटीचा टेल आणि गोष्टीचा टेल यांत कोण थोरला?" असं विचारत असेल तर माणसाच्या बेरजा चुकतात. माझ्या चुकायच्या.

सर मूळचे मुरबाडचे. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची हिंमत फक्त आमच्या शिपाईमामांनी एकदा केली, तर त्यांना उत्तर मिळालं, "जोडी जुळवतोय." सकाळी विहिरीवर आंघोळ करताना सर मोठमोठ्याने स्पेलिंगं म्हणायचे. मंत्र म्हणावेत तशी, प्रत्येक तांब्याला एक. गावातल्या बायका त्यावरून चूल पेटवायच्या. बाराही महिने काखेत छत्री आणि खिशात खडू. आणि त्यांच्यासमोर 'तेच ते' म्हणायची सोय नव्हती. हेडसर एकदा सहज बोलून गेले, "रजा काय नि सुट्टी काय, तेच ते." झालं. मधली सुट्टी संपून तास सुरू झाला तरी सर हेडसरांना सोडेनात. "सारखं वाटतं म्हणून एक नसतं, हेडसर. रजा मागावी लागते. सुट्टी आपल्या पायाने येते." हेडसर शेवटी म्हणाले, "बरं बाबा, तुम्हाला आज दोन्ही दिल्या."

सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांचं हे खूळ त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं, पण ते पोरांच्या डोक्यात कसं उतरवायचं ते त्यांना सापडत नव्हतं. मराठीत लिहून दाखवलं तर सूर्याचा सन आणि मुलगा म्हणतात तो सन अक्षराअक्षराने एकच. पोरं म्हणायची, "सर, मग दोन कशाला?" ते सापडलं एका सकाळी हजेरी घेताना.

आमच्याकडे पाड्यांवर पोर ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव ठेवायची रीत. सोमवारची सोमी, बुधवारची बुधी, रविवारची ऐती. वार सात आणि पोरं ढीगभर. त्या वर्षी वर्गात तीन बुधी होत्या, तिघी वेगवेगळ्या पाड्यांवरच्या. सरांनी "बुधी" म्हटलं की तिघी उभ्या राहायच्या. त्या दिवशी वैतागून त्यांनी विचारलं, "अगो, तुम्हाला घरी कसं ओळखतात?"

"मी आंब्याखालची," एक म्हणाली.

"मी काळू नदीवरची."

तिसरी म्हणाली, "मला कोन हाक नाय मारत सर. मीच जाते."

सर तास अर्धा टाकून धावत माझ्याकडे आले. मी फळ्यावर प्रमेय लिहीत होते. दारातूनच म्हणाले, "बाई, सापडलं. बुधी एकटी भेटली तर ओळखायची नाही. तिच्या बाजूला काय आहे ते बघायचं. आंबा आहे का काळू आहे."

"आणि मग?"

"मग काय. सनच्या बाजूला उजेड असला तर सूर्य, बाप असला तर मुलगा. मुलं लहानपणापासून हेच करतायत बाई, आणि मी त्यांना व्याकरण शिकवत बसलो." आणि तसेच उलट्या पावली पळाले. माझा अख्खा वर्ग प्रमेय सोडून आंब्याखालच्या बुधीबद्दल कुजबुजत राहिला.

दुसरी गोष्ट त्यांना म्हसा गावच्या जत्रेने दिली. दर हिवाळ्यात तिथे बैलांचा बाजार भरतो. सर दरवर्षी जायचे, शेत नाही, गोठा नाही, नुसते बघायला. तिथे त्यांनी पाहिलं, की बैल घ्यायला आलेला माणूस एक बैल बघत नाही, जोडी बघतो. उंची सारखी, रंग सारखा, शिंगं सारखी, पण एक डाव्या अंगाला चालणारा आणि एक उजव्या. अदलाबदल केली तर दोघेही अडून बसतात. सर परत आले आणि त्यांनी शब्दांच्या जोड्या पोरांना वाटल्या. एका जोडीचा एक शब्द एका पाड्यावरच्या पोराला, दुसरा दुसऱ्या पाड्यावरच्या नाहीतर गावातल्या पोराला. भेटण्याचा मीट एकाकडे, मटणाचा मीट दुसऱ्याकडे. हजेरीही तशीच. सर म्हणायचे, "सन," की दोघं उठून आपापलं स्पेलिंग म्हणायची आणि हजर व्हायची.

तक्रारी आल्याच. एका पोराला अशक्त म्हणतात तो वीक आला. दुसऱ्या दिवशी त्याची आई डोक्यावर मोळी घेऊन थेट हेडसरांच्या दारात. "माझा पोर नाय अशक्त. सकाळी थाळीभर भात खाऊन येतं. मास्तर त्याला असं का म्हनतात?" सर बाहेर आले, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे जोडीतली अदलाबदल केली. "आजपासून तो आठवड्याचा वीक. सातही दिवस तुमच्या पोराचे." बाई खूश होऊन गेली. त्या पोराचा जोडीदार गावच्या सरपंचाचा पुतण्या, चांगला गरगरीत. त्याच्या घरून कोणी आलं नाही.

पण सरांचा खरा नियम वेगळाच होता, आणि त्यावरून मी त्यांच्याशी कित्येकदा भांडले. जोडीदार गैरहजर असेल तर हजर असलेल्याने बसायचं नाही. इंग्रजीचा तास उभ्याने. आणि तरीही आला नाही, तर घरी जाऊन त्याला आणायचं.

मी म्हणायचे, "सर, न येणाऱ्याची शिक्षा येणाऱ्याला का?"

"शिक्षा नाही बाई. एक बैल बसला तर दुसरा उभाच असतो."

"पोरं बैल आहेत का?"

"मग मी पण उभाच आहे की."

हे खरं होतं. सर वर्गात कधी बसायचे नाहीत. केसांच्या हेअरला सशाचा जोडीदार कोणी नव्हता, तो शब्द ते कोणाला द्यायचेच नाहीत. म्हणायचे, "माझा जोडीदार अजून यायचाय. मी कसा बसू?" इंग्रजीच्या वर्गातल्या खुर्चीवर कायम खडूंचा डबा बसलेला असायचा. पोरांना वाटायचं, ती डब्याचीच खुर्ची आहे.

नियमाचा फायदा व्हायचा, हे मी भांडता भांडताही कबूल करायचे. पावसात ओढा भरला, लावणीला घरी हात कमी पडला, की पोर शाळा बुडवणार. पण आपल्यासाठी कोणीतरी पाय दुखवत उभं आहे म्हटल्यावर पोरं यायची. एकमेकांच्या पाड्यांवर कधी न गेलेली पोरं एकमेकांच्या चुलीपाशी बसून पेज पिऊन यायला लागली. दिवाळीनंतर मात्र नियमाची वाट लागायची. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे. माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जायची ती पावसाच्या तोंडावर परत. वर्ग अर्धा व्हायचा आणि उरलेला अर्धा उभा असायचा. तेव्हा सर कोणाशी बोलायचे नाहीत. विहिरीवरची स्पेलिंगंही हळू आवाजात व्हायची.

त्या तिघींतली आंब्याखालची बुधी दहावीत पोचली. तिच्या पाड्यावरून दहावीपर्यंत आलेली ती पहिली मुलगी. तिच्याकडे सूर्याचा सन होता. मुलाचा सन होता गावातल्या सुरेखाकडे. सुरेखाच्या घरी चार बहिणीच, त्यामुळे तिचा बाप सगळ्यांना सांगत फिरायचा, "सरांनी दिला एकदाचा मला पोरगा." मला राग यायचा, पण सुरेखा स्वतःच हसायची, तर मी काय बोलणार? दोघींचं गूळपीठ असं, की गणितातल्या चुकासुद्धा सारख्याच.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बुधी आली नाही. भट्टीवर गेली होती. सुरेखा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी उभी, तिसऱ्या दिवशी उभी. सरांनी तिला सांगून पाहिलं, की दहावीचं वर्ष आहे, बस. ती म्हणाली, "नाय सर. नियम तुमचाच हाय." मग तिचा बाप हेडसरांकडे आला, हेडसर सरांकडे आले. "अहो, दुसरी जोडीदार द्या तिला नि मिटवा."

सर म्हणाले, "बुधीने मार्चची परीक्षा बुडवली तर पुढे तिला कोण देऊ देणार? परत आल्यावर तिचं लग्न होईल. मिटवायचं कसं ते तुम्ही सांगा." सर माझ्याकडे वळले. "बाई, रविवारी काय करताय?"

मी कपडे धुणार होते. पण सुरेखाला घेऊन जायचं तर सोबत बाईमाणूस हवं, म्हणून गेले. दोन एसट्या बदलून, कल्याणच्या अलीकडे, मैलभर पसरलेल्या भट्ट्या. धूर, राख आणि थापलेल्या विटांच्या रांगाच रांगा. सगळी माणसं एकाच रंगाची झालेली. मुकादमाला विचारलं, बुधी कुठे आहे? तो म्हणाला, "कुठली? माझ्याकडं बुध्याच लई."

आंब्याखालची, असं सांगून उपयोग नव्हता. तिथे आंबा नव्हता. सरांनी छत्री माझ्याकडे दिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि भट्टीच्या दिशेने ओरडले, "सन." लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सुरेखा ओरडली, तिच्या गळ्याला चांगली धार होती. "एस-ओ-एन."

विटांच्या रांगांमागून कुठूनतरी उत्तर आलं. "एस-यू-एन."

 

बुधी आली ती कोपरापर्यंत चिखलाने भरलेली आणि कडेवर बहीण. वर्ष-दीड वर्षाची असेल, केसांत राख, वरचे दोन दात हे एवढे मोठे. मागून आईबाप आले. बाप चिखल तुडवायचा, आई विटा थापायची. सुरेखाला बघून बुधी हसली आणि लगेच बापाकडे बघायला लागली.

बाप मान खाली घालून म्हणाला, "सर, पोरगी हुशार हाय, मला कळतं. पन ही गेली तर धाकटीला कोन बघील? हिच्या आईचा हात थांबला की आमचं सगळंच थांबलं."

"म्हणजे धाकटीचाच प्रश्न आहे?" सर म्हणाले.

"हां."

"मग दोघींना नेतो."

बापाने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "ऱ्हातील कुठं? पाड्यावर आमचं घर बंद हाय."

सरांनी माझ्याकडे न बघता नुसता अंगठा माझ्या दिशेने केला. "बाईंकडे."

मी तोंड उघडलं. काहीतरी बोलणारही होते. पण तेवढ्यात बुधीच्या आईने माझा हात धरला. तिचा हात थंड, मातीने खरखरीत. ती म्हणाली, "बाई, ऐती रातची पेज खाते, पन सकाळी दूध लागतं. तुमच्याकडं बकरी हाय का?"

"नाही," मी म्हणाले.

"आणतो," सर म्हणाले.

"आनि दर रविवारी मला दाखवायला आना. नायतर मी देनार नाय."

"आणतो," सर परत म्हणाले.

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. ऐती सगळा रस्ताभर माझ्या मांडीवर झोपली आणि माझी बरी साडी राखेने माखली. सर पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, "बाई, तुम्हाला राग आलाय का थकवा? सारखंच दिसतं." मी छत्री त्यांच्या अंगावर फेकली.

शनिवारी माझा नवरा आला. दार उघडलं तर बुधी कडेवर पोर घेऊन उभी. तो दोन पावलं मागे गेला, पडवीकडे बघितलं, परत दाराकडे बघितलं, आणि मला बघून म्हणाला, "मागच्या खेपेला तर काही नव्हतं." मग सगळं ऐकून तो ऐतीला घेऊन अंगणात बसला. माणूस चांगला होता, म्हणून टिकलं. महिन्याभराने म्हशाची जत्रा भरली तेव्हा इतकी वर्षं नुसते बैल बघून येणारे सर पहिल्यांदा काहीतरी विकत घेऊन आले. बकरी. तोवर शेजारून मागून आणत होतो. ती बकरी अशी गुणाची, की शिपाईमामांशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही, आणि मामा रजेवर गेले की आम्ही सगळे परत शेजाऱ्यांच्या दारात.

दिवसा ऐतीला ठेवणार कुठे? ती वर्गातच यायची. बुधी आणि सुरेखाच्या मध्ये बसायची, खडू खायची. पहिल्या दिवशी पोरांनीच गलका केला, "सर, हिला पन शब्द द्या." सर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. ती हसली आणि तिचे ते दोन दात बाहेर आले. सरांनी ते दोन्ही दात नीट बघून घेतले. मग म्हणाले, "ससा."

माझा वर्ग शेजारीच, मधल्या पार्टिशनच्या फटीतून मी सगळं बघत होते. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, आता बसा की." सरांनी खुर्चीवरचा खडूंचा डबा उचलला आणि खाली ठेवला. रुमालाने खुर्ची पुसली आणि बसले. बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. पोरांनी टाळ्या वाजवल्या, ऐतीनेही वाजवल्या.

रविवार त्यांनी एकही चुकवला नाही. काखेत छत्री, कडेवर ऐती, दोन एसट्या, भट्टी. ऐतीची आई तिला हातात घेऊन वजन बघायची आणि मान हलवून परत द्यायची.

मार्चमध्ये शहापूरला केंद्र होतं. बुधी आणि सुरेखा आत गेल्या, आणि ऐतीला घेऊन सर आणि मी बाहेर झाडाखाली. इंग्रजीच्या पेपरला ऐती रडायला लागली. तिला गप्प करायचा सरांचा एकच उपाय होता, कडेवर घेऊन फेऱ्या मारायच्या आणि शब्द म्हणायचे. तसे ते फेऱ्या मारत मारत गेले थेट वर्गाच्या खिडकीखाली. "फुलाचा फ्लॉवर, एफ-एल-ओ... पिठाचा फ्लॉवर..." गेटवरचा हवालदार धावत आला. त्याने सरांचा दंड धरला. "ओ मास्तर, पोरगं कडेवर घेऊन कॉपी पुरवता? ही नवीन आयडिया हाय का?"

"मी हिला झोपवतोय," सर म्हणाले.

"स्पेलिंग म्हनून?"

"तिला तेच लागतं."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, खरं आहे, रोज असंच झोपते. त्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, "तुमी इथं गप बसा, पोरीला मी बघतो." त्याने ऐतीला घेतलं मात्र, तिने असा सूर लावला की आतून पर्यवेक्षक बाहेर आले. हवालदाराने तिला हलवलं, टोपी दिली, शिट्टी दिली, काही जमेना. शेवटी गेटबाहेर रस्त्याच्या पलीकडे नेऊन त्याने तिला सरांच्या हातात परत दिलं आणि म्हणाला, "म्हना तुमचं काय ते. पन हळू."

बुधी पास झाली. काठावर, पण पास. इंग्रजीत माझ्या गणितापेक्षा जास्त मार्क, हे सरांनी मला वर्षभर ऐकवलं. पुढे ती तिच्याच पाड्यावर अंगणवाडीची बाई झाली. ऐती आईकडे परत गेली. आणि जूनमध्ये नवी दहावी आली तेव्हा खडूंचा डबा परत खुर्चीवर आणि सर उभे.

मी विचारलं, "आता काय? तुमचा जोडीदार तर मिळाला."

"मिळाला. पण हजर कुठे आहे? पाचवीत आली की बसेन."

आणि ते खरोखरच थांबले. बुधी अंगणवाडीत ऐतीला सांगायची, पाचवीत गेलीस की तुझे सर. पाड्यावर सर गेले की ऐती झाडामागून ओरडायची, "हेअर," आणि सर आपलं स्पेलिंग सांगायचे. गुडघे दुखायला लागले, तरी तास उभ्यानेच. नोकरीची वर्षं मात्र त्यांच्यासाठी थांबायला तयार नव्हती. ऐती चौथी पास झाली त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. शाल आणि नारळ घेतला, बोलायला उठले आणि नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "एका वर्षाने चुकलं," आणि खाली बसले. मुरबाडला पुतण्याकडे राहायला गेले.

तोवर हेडसर जाऊन त्यांच्या जागी मी बसले होते. शाळा सुरू झाली तशी इंग्रजीची नवी मॅडम माझ्याकडे आली. "बाई, पाचवीतली एक मुलगी माझ्या तासाला बसतच नाही. पाय दुखतात का विचारलं तर हो म्हणते, पण बसत नाही."

मी जाऊन बघितलं. ऐती. मोठे दात तसेच. कशालाही टेकायचं नाही म्हणून बाकापासून दूर, सरळ उभी.

"बस गो," मी म्हणाले.

"जोडीदार आला नाय."

"अगो, सर रिटायर झाले. ते आता येत नसतात."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "नाय आला तर आनायला जायाचं असतं ना? मुरबाडची एसटी कधी हाय?"

रविवारी आम्ही गेलो. पुतण्याच्या बायकोने दार उघडलं. हळूच म्हणाली, "बरं झालं आलात. दिवसभर खिडकीशी बसतात. कोणाशी बोलणं नाही. आंघोळीला गेले तरी नुसता पाण्याचा आवाज."

सर खाटेवर होते. दाढी वाढलेली, छत्री खिळ्याला. मला बघून हसल्यासारखं केलं. मग त्यांना मागे उभी असलेली ऐती दिसली.

"सर, तुमी आला नाय," ती म्हणाली. "मी उभी हाय."

सर माझ्याकडे बघायला लागले. "बाई, समजवा हिला. मला आता यायचा अधिकार नाही."

"मी गणिताची," मी म्हणाले. "तुमच्या जोड्यांच्या भानगडीत पडत नाही. पण निवृत्त आणि गैरहजर सारखं वाटतं म्हणून एक नसतं, असं एक गृहस्थ सांगायचे." आणि मी सांगून टाकलं, की सोमवारी पाचवीचा पहिला तास तुमचा. वर काय विचारायचं ते मी बघते.

सर उठले. डोळे पुसायला टॉवेल घेतला तो तसाच घेऊन मोरीत गेले. आम्ही चहा पीत बसलो. जरा वेळाने आतून तांब्या वाजला, आणि मग आवाज आला, आधी घोगरा, मग मोठा, प्रत्येक तांब्याला एक स्पेलिंग. पुतण्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

सोमवारी पहिल्या एसटीने सर आले, छत्रीसकट. नवी मॅडम मागे जाऊन उभी राहिली. मी दारात. सरांनी वर्गभर नजर फिरवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "हेअर."

"एच-ए-आर-ई," ऐती म्हणाली. "हजर."

"एच-ए-आय-आर. हजर."

सरांनी खडूंचा डबा उचलून खाली ठेवला, रुमालाने खुर्ची पुसली आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश बसले. मग ऐती बसली.